तीन लॅबोरेटऱ्या आणि हरणी

हसणार नसाल तर सांगतो. हसणार असाल तरी सांगतो, कारण चहा माझा आहे, खुर्च्या माझ्या आहेत आणि फजितीही माझीच आहे. फक्त एक अट. आमची कुसुम आतून बाहेर आली की लगेच विषय बदलायचा. तिला हा किस्सा माझ्यापेक्षा चांगला सांगता येतो, आणि ती एक शब्दही गाळत नाही!

तर गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. मुंबई राज्य तेव्हा द्वैभाषिक होतं. मराठी आणि गुजराती मुलूख एकाच दावणीला बांधलेले, आणि आमचं लालबाग रोज उठून त्याचा निषेध करायचं. दात घासायच्या आधी घोषणा! मीही द्यायचो. पण माझी त्या वेळी आणखी एक खासगी मागणी होती. मुंबईसह कुसुम झालीच पाहिजे!

कुसुमचं स्थळ आमच्या मावशीनं आणलं होतं. तिचे वडील, अण्णा, परळला घोड्यांचा तबेला चालवायचे. घोडेस्वार पोलिसातून निवृत्त झालेला माणूस. पाठ ताठ, मिशा ताठ, बोलणं त्याहून ताठ. त्यांच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या लग्नाच्या वरातींना जायच्या. घोडे मोजकेच, पण जीव सगळा हरणीवर. हरणी म्हणजे पांढरीशुभ्र घोडी. कुसुम एकुलती एक लेक खरी, पण घरात पहिला मान हरणीचा.

मी मुलगी बघायला गेलो आणि पोह्यांची बशी हातात पडायच्या आधीच गारद झालो. कुसुमनं माझ्याकडे एकदाच बघितलं, तेही असं, की हा माणूस पोहे सांडणार. सांडले!

अण्णांनी विचारलं, "काय करता?"

"मिलमध्ये केमिस्ट आहे. रंगखात्याच्या लॅबोरेटरीत."

'लॅबोरेटरी' म्हटल्याबरोबर अण्णा पुढे सरकले. "मग तुम्ही आमच्या कामाचे! मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं कुबट गवत गळ्यात मारलं. तेव्हापासून हरणीचं खाण्यावरचं मनच उडालंय. बरगड्या दिसायला लागल्या हो पोरीच्या! औंदा वसईकडे एक कुरण बघून ठेवलंय. सबंध कापणी घ्यायची म्हणतो. पण रेसकोर्सवरचा एक जण मला तोंडावर सांगतो, अण्णा, आमच्याकडे लॅबोरेटरीत तपासल्याशिवाय गवताची काडी घोड्यापुढे पडत नाही. मग आमचे घोडे काय रस्त्यावर पडलेत? तुम्हीच सांगा, गवत तपासायला मुंबईत चांगली लॅबोरेटरी कुठली?"

आता खरं सांगायचं तर आमच्या लॅबोरेटरीत कापडाचा रंग धुतल्यावर जातो की राहतो, एवढंच बघायचे. गवताचा हिरवा रंग पक्का आहे का, हे मी छातीठोक सांगितलं असतं. त्यापलीकडे मला गवतातलं काय कळत होतं? गवतातलं गवतसुद्धा नाही!

पण माझा एक जन्मजात दोष आहे. 'मला माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडातून फुटत नाहीत. चाळीत दुधात पाणी किती, काकांच्या खोकल्याला औषध कुठलं, सगळं मलाच विचारायचे, आणि मी सांगायचो. काका बरे झाले ते त्यांच्या नशिबानं.

मी पोह्याचा घास गिळला आणि म्हणालो, "तशा बऱ्याच आहेत, अण्णा. पण त्यातली उत्तम कुठली, ते निवडावं लागेल. ते माझ्याकडे लागलं."

"शाब्बास! कुरणवाल्याला दिवाळी झाल्यावर जबाब द्यायचाय. तेवढं गवताचं मार्गी लावा, मग तुमचंही मार्गी लावू."

ऐकलंत ना? लॅबोरेटरीवर कुरण, कुरणावर हरणी आणि हरणीवर माझं लग्न!

दुसऱ्या दिवसापासून मी लॅबोरेटरी शोधायला लागलो. आधी फोर्टात एका सरकारी कचेरीत गेलो. तिथला साहेब म्हणाला, "गवत ओलं की सुकं?"

"सुकं."

"कशासाठी?"

"घोड्यासाठी."

"मग घोड्याच्या खात्यात जा."

घोड्याच्या खात्यात म्हणाले, घोडा आजारी असेल तर आणा, गवत आजारी असेल तर शेतीवाल्यांकडे जा. शेतीवाले म्हणाले, हे पेरलेलं आहे का? नाही? आपोआप उगवलं? मग ते आमचं नाही. शेवटी पहिल्याच साहेबाला माझी दया आली आणि तो म्हणाला, "आणून ठेवा, बघतो."

मग दादर. तिथे एका इमारतीवर ठळक अक्षरात 'लॅबोरेटरी' अशी पाटी दिसली आणि मी धावत जिना चढलो. खिडकीतल्या बाईंनी पेन उघडलं.

"पेशंटचं नाव?"

"हरणी."

"वय?"

"नऊ असेल."

"बाळाला काय होतंय?"

"खात नाही. गवताला तोंड लावत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आतून डॉक्टर आले. मी सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, आमच्याकडे आत काय जातं ते बघत नाहीत. बाहेर काय येतं ते बघतात!"

पण माणूस हौशी होता. जन्मभर एकाच प्रकारच्या बाटल्या बघून कंटाळला असावा. म्हणाला, "आणा तुमचं गवत. निदान वास तरी बरा येईल."

तिसरी मिळाली रे रोडला. गोदीत उतरणारं धान्य आणि जनावरांची पेंड तपासायचं त्यांचं काम. अंधारी खोली, पोत्यांची थप्पी, आणि जाड चष्मा लावलेला एक म्हातारा केमिस्ट. त्यानं मात्र गवत म्हटल्यावर भुवईसुद्धा उचलली नाही. "लेके आओ," हिंदीत म्हणाला.

आता तिघांतला उत्तम कोण? इथे माझ्या डोक्यात वीज चमकली. लॅबोरेटरी निवडायची म्हणजे आधी लॅबोरेटरीच तपासायची! एकाच पोत्यातलं गवत तिघांकडे द्यायचं. दोघांचे निकाल जुळले की तिसरा बाद. काय, आहे की नाही डोकं? पुढे ऐका म्हणजे कळेल.

ही युक्ती मी अण्णांना सांगितली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "काय हुशार मुलगा आहे!" चहाचे कप उचलता उचलता कुसुम म्हणाली, "लॅबोरेटरी हे तपासणार ते ठीक. पण ह्यांना कोण तपासणार?"

"कुसुम!" अण्णा ओरडले. मला मात्र ते 'ह्यांना' फारच आवडलं. मी दिवसभर तेवढाच शब्द आठवत हिंडलो.

अण्णांनी कुरणावरून एक भलंमोठं पोतं आणवलं होतं. त्यांनी तोंड सोडून मूठभर गवत काढलं आणि तबेल्याकडे वळले. "जरा हरणीपुढे टाकून बघतो."

मी आडवा आलो. "अण्णा, सॅम्पलला हात लावायचा नाही! सॅम्पल म्हणजे सॅम्पल. आणि घोडीचं मत शास्त्रात धरत नाहीत."

अण्णांनी मुकाट्यानं मूठ परत पोत्यात टाकली. आयुष्यभर हुकूम सोडलेला माणूस, पण शास्त्रापुढे नमला. हरणी आतून मान लांब करून बघत होती. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. घोडीचं मत शास्त्रात धरत नाहीत. कुसुमच्या लक्षात अजून आहे.

पोतं मी लालबागला घरी आणलं, चाळीच्या गॅलरीत टेकवलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी परत येतो तर गॅलरीत आमची आई बसलेली, आणि तिच्यासमोर सुतळीनं बांधलेल्या तीन सुबक जुड्या! सरळ, लांब, पिवळ्याधमक काड्या. वर्षाच्या नव्या केरसुण्या जणू.

"आई, हे काय?"

"मेल्या, तसला गवत घेऊन लोकांच्या दारात जातलस? लोक काय म्हणतले? ह्येका आये नाय काय?"

आमची आई मालवणकडची. तिकडे गवत म्हटलं की पावसाळ्याआधी घर शाकारायचं. छपरावर घालायचं गवत कसं हवं? काड्या लांब, सरळ, स्वच्छ. पाला, तुरे, बी सगळं झाडून टाकायचं, नाहीतर कुजतं आणि घर गळतं. आईनं जन्मभराच्या सवयीनं सबंध पोतं निवडलं, झाडलं, पाण्यातून काढलं आणि उन्हात वाळवलं! घोडा छप्पर शाकारत नाही, गवत खातो, हे तिला कुणी सांगायचं? मी! आणि मी काय केलं?

मी खूश झालो! अहो, आमच्या मिलमध्ये व्यापाऱ्याला नमुना द्यायचा म्हणजे ताग्यातला सगळ्यात देखणा तुकडा कापून, कडा नीट करून, टाचणी लावून द्यायचा. मला वाटलं, हे असंच असतं. म्हटलं, आई ती आईच! आणि जुड्या उचलल्या.

उरलेला पालापाचोळा आईच्या शेजारी ढिगानं पडला होता. तेवढ्यात आमचा गोविंदा आला. गोविंदा माझ्याच मिलमध्ये मागावर, आणि चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. मंडळानं दिवाळीनंतरच्या मोर्चासाठी एक राक्षस करायला घेतला होता. द्वैभाषिकासुर. एक धड, दोन डोकी!

"काकी, ह्यो पाचोळो टाकूचो आसलो तर माका देवा," गोविंदा म्हणाला. "एक डोक्या रद्दीन भरलंव. दुसऱ्याक कायच उरला नाय."

"ने बाबा, तेवढोच केर कमी," आई म्हणाली.

झालं! पाला, तुरे, बी, सगळा कस द्वैभाषिकासुराच्या डाव्या डोक्यात गेला. वर थोडा उरला त्याच्या गोविंदानं झुबकेदार मिशा केल्या.

मी जुड्या घेऊन निघालो. सरकारी साहेब म्हणाला, "छान बांधलंय." दादरच्या डॉक्टरांनी फुलदाणीत ठेवावी तशी जुडी बाटलीत ठेवली. रे रोडच्या म्हाताऱ्यानं मात्र ती उलटीपालटी केली, चष्मा वर केला आणि विचारलं, "मिक्स करके निकाला क्या? ऊपर का, बीच का, नीचे का?"

मी अभिमानानं म्हणालो, "माँ ने चुन के दिया है. धोया भी है."

त्यानं चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग म्हणाला, "बहुत साफ है. इतना साफ घोडे को काहे को डालता? घर पे छप्पर डाल."

मी म्हटलं, थँक्यू! खरं सांगतो, आईची तारीफ केली म्हणून माझा ऊर भरून आला होता.

दिवाळी झाली आणि तिन्ही रिपोर्ट आले. आणि काय सांगू, तिन्ही एकमतानं! गवत जुनाट लाकडासारखं, कस जवळजवळ नाही, जनावराचं पोट भरेल पण अंगी लागणार नाही. दादरच्या डॉक्टरांनी आपण होऊन एक सल्लाही दिला होता, काचेची भांडी बांधायला उत्तम.

तीन लॅबोरेटऱ्या आणि एक निकाल! मी आनंदानं उड्या मारत परळला पोचलो. रिपोर्ट वाईट आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी युक्ती सफल झाली होती ना!

अण्णांनी ऐकलं आणि ते खाटेवर बसले. मिशा पहिल्यांदाच खाली आलेल्या बघितल्या मी. "कुरण तर डोळ्यांत भरण्यासारखं होतं हो," ते म्हणाले. "म्हणजे मला आता गवतातलं काही कळत नाही. हरणीला काय घालू मी? उद्याचा मोर्चा झाला की कळवतो कुरणवाल्याला, नको म्हणून."

उठून ते हरणीच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. कुसुम दारात होती. तिनं माझ्याकडे बघितलं ते मात्र पोह्यांच्या दिवसासारखं नव्हतं. मी लॅबोरेटरी जिंकली होती आणि घरात सुतक पसरलं होतं!

दुसऱ्या दिवशी मोर्चा. द्वैभाषिकासुराची मिरवणूक काढायला अण्णांनी आपली व्हिक्टोरिया आपण होऊन दिली होती, आणि हाकायला स्वतः बसले होते. पुढे हरणी, रोडावलेली पण डौलात. मागच्या सीटवर दोन डोक्यांचा राक्षस. लालबागपासून परळनाक्यापर्यंत घोषणांनी कान बधिर झाले.

नाक्यावर गाडी थांबली. गोविंदाला भाषण करायचं होतं. त्यासाठी राक्षस खाली उतरवला आणि लोकांना दिसावा म्हणून रस्त्यात उभा केला. कुठे? हरणीच्या तोंडासमोर! गोविंदा सीटवर चढला. बंदोबस्तावरचे हवालदार पुढे आले. "सेक्रेटरी, भाषण करा. पण पुतळा जाळायचा नाही. मनाई आहे."

"नाय जाळणार," गोविंदा म्हणाला आणि त्यानं आवाज चढवला. "बंधुभगिनींनो! हा राक्षस आपल्या छातीवर बसला आहे! याला कोण गिळणार?"

हरणीनं मान पुढे काढली. हुंगलं. आणि डावीकडची मिशी तोंडात घेतली.

लोकांत खसखस पिकली. गोविंदाला वाटलं भाषण रंगलं. "त्याचे दिवस भरले आहेत!"

उजवीकडची मिशी गेली.

"हळूहळू, पण नक्की, त्याचा फडशा पडणार आहे!"

कागद फाटल्याचा आवाज झाला आणि हरणीनं द्वैभाषिकासुराच्या डाव्या गालात तोंड खुपसलं! टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत! गोविंदा दोन्ही हात जोडून अभिवादन करतोय. असं भाषण त्याचं आयुष्यात झालं नव्हतं. त्याला मागे काय, पुढे काय, कशाचा पत्ता नाही. नाक गेलं, कपाळ गेलं, बघता बघता सबंध डोकं गेलं! द्वैभाषिकाचं एकभाषिक झालं हो, भर नाक्यावर! उजव्या डोक्यात रद्दी होती. ते हरणीनं नुसतं हुंगलं आणि सोडून दिलं.

गोविंदानं एकदाचं खाली बघितलं. "हवालदार! आमचो राक्षस!"

हवालदार मिशीत हसले. "जाळायला मनाई आहे. खाण्याबद्दल वरून काही हुकूम नाही."

लोक हसून रस्त्यावर लोळत होते. मीही हसत होतो. आणि तेवढ्यात माझी नजर अण्णांकडे गेली. अण्णा खाली उतरले होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "खाल्लं! पोरीनं पोटभर खाल्लं! अरे, हे गवत कुठलं? कुणाचं हे गवत?"

"ह्या वश्याच्या आयेन दिल्यान," गोविंदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

आई गर्दीत पुढेच होती. ती पदर सावरत म्हणाली, "गवत खयचा? तो कचरो होतो! चांगला ता मी निवडून, धुवून लॅबोरेटरीत धाडलंय!"

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या मिशा हळूहळू वर चढत होत्या. ते शब्द शब्द तोडून म्हणाले, "म्हणजे वसंतराव, कस घोडीनं खाल्ला आणि छप्पर तुम्ही तपासलंत?"

मी तोंड उघडलं. आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, "मला माहीत नव्हतं."

"मी मूठभर टाकणार होतो हो तिच्यापुढे! त्याच दिवशी! तुम्ही म्हणालात..."

"घोडीचं मत शास्त्रात धरत नाहीत," मागून कुसुमनं वाक्य पुरं केलं. आणि ती अशी हसली, अशी हसली, की तिला व्हिक्टोरियाचा दांडा धरून उभं राहावं लागलं. अण्णांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तृप्तपणे जबडा हलवणाऱ्या हरणीकडे, आणि तेही हसायला लागले. त्या हसण्यात माझं लग्न ठरलं!

अण्णांनी कुरण घेतलं. त्याआधी तिथून नवी पोती आणवून त्यांतलं वरचं, मधलं, खालचं गवत एकत्र करून रे रोडच्या म्हाताऱ्याकडे पाठवलं. बाकी दोघांनी घेतलं ते तपासलं, पण नमुना कसा काढला हे विचारणारा तोच एकटा होता. रिपोर्ट उत्तम आला. लॅबोरेटऱ्या तिन्ही बरोबर होत्या हो. बिघाड त्यांच्याकडे जुड्या घेऊन जाणाऱ्यात होता! अण्णांनी मात्र तेव्हापासून नियम केला. लॅबोरेटरी काही म्हणो, शेवटची सही हरणीची. चारा असो, घोडे सांभाळणारा नवा सईस असो, हरणीनं हुंगून पसंत केल्याशिवाय तबेल्यात प्रवेश नाही.

आता शेवट. वरातीचा दिवस. सजवलेली व्हिक्टोरिया, पुढे गुबगुबीत झालेली हरणी, बॅन्ड, सगळं परळ रस्त्यावर. मी नवा कोट, मुंडावळ्या, हातात गुच्छ अशा थाटात कुसुमबरोबर गाडीत चढणार, तोच अण्णांनी मला थांबवलं. "जावईबापू, आधी हरणीला भेटा."

बॅन्ड थांबला. गर्दीनं श्वास रोखला. मी हरणीसमोर उभा राहिलो. तिनं मला फेट्यापासून बुटापर्यंत सावकाश हुंगलं. मग डोळे मिटले, सणसणीत शिंकली, माझा गुच्छ खाल्ला आणि माझ्याकडे पाठ फिरवायचा प्रयत्न केला. गाडीला जुंपलेली होती म्हणून जमलं नाही बिचारीला!

अण्णा बिचारे भले माणूस. घसा खाकरून म्हणाले, "असू दे, असू दे. सॅम्पल नीट घेतलं नसेल."

"तसं नाही हो अण्णा," आमची नवी नवरी शालूचा पदर तोंडाला लावून म्हणाली, "सॅम्पल त्यांच्या आईनं आज सकाळीच निवडून, धुऊन पाठवलंय. चांगलं ते घरीच राहिलं असणार!"